बारोनसाहेबांचं नाव

बारोनसाहेबांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांच्या पायाची नखं कापत होते. म्हातारपणी नखं इतकी टणक होतात की आधी वीस मिनिटं कोमट पाण्यात पाय भिजत घालावे लागतात. त्यांचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता आणि माझी मान खाली. वरून आवाज आला, "श्वेस्टर सगुणा, तुम्हाला माझं नाव घ्यायला आवडेल का?"

नर्सला तिकडे जर्मनीत श्वेस्टर म्हणतात, आपण सिस्टर म्हणतो तसंच. मला वाटलं, आज स्वारी चेष्टेच्या मूडमध्ये आहे. म्हटलं, "अंगठा हलवू नका. नाहीतर नाव राहील आणि अंगठा जाईल."

ते हसले नाहीत. मी वर पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण लाजल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता. मग मात्र माझ्या हातातली कात्री थांबली.

ही ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. लान नदीकाठच्या एका छोट्या गावात चर्चने चालवलेलं वृद्धांचं होम होतं, तिथं मी नर्स. मी मूळची नेवाशाकडची, सगुणा लाजरस उजागरे. नगरच्या मिशनमार्फत आम्ही पाच जणी बरोबरच जर्मनीला गेलो होतो. तिघींची तिकडेच लग्नं झाली, एक थंडीला कंटाळून परत आली, राहिले मी. छत्तीस वर्षांची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. होत असेल कुणाला, मला काही झाली नाही. रविवार तर अंगावर यायचा. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि एका माणसासाठी स्वयंपाक काय करायचा म्हणून मी उभ्याउभ्या ब्रेड खाऊन घ्यायचे. शेवटी शेवटी तर सुट्टी असली तरी रविवारी दुपारी होममध्येच जायला लागले. स्वेटर विसरलाय, औषधांचं कपाट तपासायचंय, अशी काहीतरी थाप मारायची आणि जायचं.

तिथं खालच्या दिवाणखान्यात रविवारी तीन ते पाच भेटीची वेळ असायची. लेकीसुना, नातवंडं, केकचे डबे, नुसता गलबला. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोट-टाय घालून, केस चोपून बारोनसाहेब पेपर वाचत बसलेले. आत्ताच कोणी येऊन गेलंय किंवा आता येईलच, असं बघणाऱ्याला वाटावं म्हणून ही सगळी तयारी. मी सहा वर्षं पाहत होते. एक वकीलबाई आणि एक पाद्री सोडले तर त्या माणसाकडे कुणी म्हणून फिरकलं नाही. एका रविवारी मी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले. पुढच्या रविवारी माझ्यासाठी खुर्ची आधीच ठेवलेली होती. यावर आम्ही दोघंही कधी काही बोललो नाही.

त्यांचं पूर्ण नाव ओट्टो फ्रायहेर फोन एलर्नाऊ. एलर्नाऊ हे त्यांच्या जहागिरीचं गाव, पार पूर्वेकडे. युद्धानंतर ते पोलंडात गेलं आणि हे एक ट्रंक घेऊन पश्चिमेला आले. बायको लवकर वारली, मूलबाळ झालं नाही, धाकटा भाऊ युद्धात गेला. मधलं ते फ्रायहेर म्हणजे पदवी. बोलताना लोक बारोन म्हणतात, पण कागदावर फ्रायहेर. मी एकदा विचारलं, की त्याचा अर्थ काय? ते खुलले. असं विचारणारं त्यांना बरेच दिवसांत कुणी भेटलं नसावं.

म्हणाले, अर्थ आहे स्वतंत्र धनी. ज्याची जमीन कुणाच्या उपकाराची नाही, ज्याला कुणाची चाकरी नाही, तो. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही पहिल्यापासून राजेच की. तर म्हणाले, कसले राजे, आम्ही गुलाम होतो. त्यांचा मूळपुरुष एका बिशपचा बांधील माणूस. घोड्यांना चारा घालायचा, निरोप पोचवायचे, वेळ आली तर लढायचं, आणि मालकाला विचारल्याशिवाय लग्नसुद्धा करायचं नाही. एका जुन्या कागदात त्यांच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा येतं ते असं, की बिशपने मठाला दोन तळी, एक पाणचक्की आणि हा माणूस दान केला. पुढे कुणीतरी त्याच्या नातवाला घोडा दिला, मग तलवार, मग थोडी जमीन. असं करत करत चारशे वर्षांनी बादशहाचं पत्र मिळालं, की आजपासून हे घराणं स्वतंत्र.

"स्वतंत्र असल्याचा दाखला दुसऱ्याकडून मागून आणावा लागला," ते म्हणाले. "आणि एकोणीसशे एकोणीस साली सरकारने तोही रद्द केला. आता ते नुसतं आडनाव आहे."

मग मीही आमच्या येसूआजोबांचं सांगितलं. आमच्याकडेही पदवी होती म्हटलं, वतनदार. महारकीचं वतन. गावाची दवंडी द्यायची, सरकारी कागद पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. बाप मेला की मुलाने पळायचं. कुणी सोडतो म्हणालं तरी सुटायचं नाही. ते वतन सरकारने रद्द केलं तेव्हा आमच्या अप्पांनी शाळेतल्या पोरांना गूळ वाटला होता. अप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते.

बारोनसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "आमचा माणूसही घोड्यापुढे पळतच असणार. त्याला पुढे कुणीतरी घोड्यावर बसवलं. तुमच्या आजोबांना बसवलं नाही. फरक एवढाच आहे, श्वेस्टर." असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला बापाच्या वयाच्या त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली, की मी पुलावर थांबून रडून घेतलं.

तर असा हा माणूस, आणि त्याने नखं कापता कापता मला विचारलं.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तिथल्या कायद्याने मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. वकीलबाई कागद करतील, आपण दोघांनी कोर्टापुढे उभं राहायचं, की झालं. या नावासाठी त्यांना दत्तक जायला तयार असलेल्या अनोळखी पुरुषांची पत्रं यायची. त्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते शब्दकोडी सोडवायचे. खानदानी मंडळी दत्तकाला मानत नाहीत, त्यांच्या वहीत तुमचं नाव चढणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. वीस पिढ्या नाव चाललं, आता माझ्याबरोबर थांबेल, थांबलं तरी काही बिघडत नाही, पण विचारून ठेवलं. एखादा जुना कोट कुणाला बसतोय का विचारावं तसं हे सगळं चाललं होतं. मी विचार करायला वेळ मागितला. म्हणाले, "घ्या. मी कुठे जातोय?"

तीन आठवडे माझ्या डोक्याचा भुगा झाला. दत्तक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. आमच्या गावात पाटलांनी भावकीतला एक पोरगा दत्तक घेतला होता, मल्हारी नावाचा. दहा-अकरा वर्षांचा असेल. पुढे त्याचा खरा बाप वारला. सगळे भाऊ आत, बापाच्या अंगाशी, आणि हा बाहेर लिंबाखाली उभा. आत जायला निघाला तर चुलत्याने हात धरला. म्हणाला, तू आता त्या घरचा, इथलं काही तुझ्याकडे नाही. मी तेव्हा लहान होते, लांबून बघत होते. मल्हारी रडलासुद्धा नाही, नुसता दाराकडे बघत राहिला.

आम्ही ख्रिस्ती, आमच्यात ते विधी नाहीत, गोत्र नाही, काही नाही. पण दत्तक गेलं की मागचं दार बंद, हे माझ्या हाडात बसलेलं. अप्पा तेव्हा बहात्तर वर्षांचे. उद्या त्यांचं काही झालं आणि मीच परकी ठरले तर? अप्पांना पत्र लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या आणि माझी मलाच लाज वाटली. बापाला काय लिहायचं, की मला दुसरा बाप मिळतोय, जाऊ का? फाडून टाकलं. वकीलबाईंना विचारावं हेही सुचलं नाही. दत्तक म्हणजे काय हे मला कोण सांगणार, मी डोळ्यांनी पाहिलेलं, असा माझा ताठा.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी मी दिवाणखान्यात त्यांच्यासमोर बसले. सगळीकडे नाताळाच्या मेणबत्त्या, पोरांचा धिंगाणा. मी एकच वाक्य तयार करून नेलं होतं.

"माझे वडील हयात आहेत," मी म्हटलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ती घडी पुन्हा उलगडून नीट घातली.

"अर्थात," ते म्हणाले. "अर्थात. त्यांना माझा नमस्कार कळवा."

बस्स. पुढे हवापाण्याचं बोललो. मला हायसं वाटलं, खोटं का बोलू. समजूतदार माणूस, किती सहज घेतलं, असं मनात म्हणत मी घरी गेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी रिपोर्टच्या वहीत कळलं.

नाताळ झाल्यावर त्यांनी मला दुसरं काम सांगितलं. त्यांच्याकडे घराण्यातला शेवटचा माणूस गेला की एक रीत असते. घराण्याचं चिन्ह असलेली ढाल थडग्यापाशी मोडायची आणि तिचे तुकडे त्याच्याबरोबर पुरायचे. मोडणाऱ्याने म्हणायचं, आज अमुक, आणि पुन्हा कधी नाही. हे काम नातलगाने किंवा इमानी माणसाने करायचं. नातलग नाहीत. तुम्ही कराल का?

मी हो म्हटलं. एका गोष्टीला नाही म्हणून चुकलेलं, दुसऱ्याला हो म्हणून भरून निघेल असं मला वाटलं असावं.

खरी ढाल एलर्नाऊलाच राहिलेली. म्हणून होमच्या सुताराने प्लायवूडची एक कापून दिली आणि बारोनसाहेब मंगळवारच्या हस्तकलेच्या तासाला बसून ती रंगवायला लागले. शेजारच्या म्हाताऱ्या लोकरीचे गोंडे करतायत आणि हे खिडक्यांना लावून उरलेल्या निळ्या रंगात तीन रुपेरी मासे काढतायत. हात थरथरायचा, त्यामुळे मधला मासा चांगलाच गरगरीत झाला. मी म्हटलं, हा गाभोळीने, अंड्यांनी भरलेला दिसतोय. त्या दिवशी ते खूप दिवसांनी हसले. सुताराकडून त्यांनी मागच्या बाजूला करवतीची अर्धी खाच पाडून घेतली. मला मोडायला जड जाऊ नये म्हणून.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला ते गेले, दुपारी, जेवणाचे ट्रे गोळा करायच्या वेळी. त्या दिवशी मला सुट्टी होती. माझी खोली होमपासून चालत दहा मिनिटांवर. मी तिथं बसून मोजे रफू करत होते, आणि टेलिफोन हाताशी होता. शेवट जवळ आला की घरच्यांना फोन करून बोलवायचं, असा होमचा कडक नियम. ड्यूटीवर नवीन मुलगी होती, कामात चोख. तिने बघितलं, श्वास बदललाय. तिने फाईल उघडली. जवळचे नातेवाईक या चौकटीत काही लिहिलेलं नव्हतं. मग तिने फाईल मिटली आणि कुणालाच फोन केला नाही. ती तरी काय करणार बिचारी. दार उघडं ठेवून ती ट्रे गोळा करायला गेली. परत आली तोवर संपलं होतं.

हे मला संध्याकाळी कळलं. मी त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, टाय बांधला. माझे हात आपले काम करत होते.

दफनाला आम्ही सहा माणसं. पाद्री, वकीलबाई, होमच्या मॅनेजरबाई, पेटी वाहणारे दोघं आणि मी. जमीन थंडीने इतकी कडक झाली होती, की खड्डा आदल्या दिवशी यंत्राने काढावा लागला होता. पाद्र्याने मला खूण केली. मी ढाल दोन्ही हातांत धरली आणि वाकवली, तर मोडेना. रंगाचे चार हात बसून ती चिवट झाली होती. खाच असून नुसती करकरत होती. शेवटी मी ती गुडघ्यावर घेतली आणि सगळा जीव एकवटून दाबली. कडाड झालं. मोठ्या माशाचे दोन तुकडे झाले.

"आज एलर्नाऊ," मी त्यांच्या भाषेत म्हटलं, "आणि पुन्हा कधी नाही."

तुकडे खाली टाकले. पेटीवर पडल्याचा आवाज आला. सातशे वर्षांचं घराणं नेवाशाच्या उजागऱ्यांच्या पोरीने बुडवलं, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी तिथून हलूच शकेना. बाकीचे फाटकाकडे चालायला लागले. वकीलबाई तेवढ्या थांबल्या. फ्राउ टीलमान त्यांचं नाव, पन्नाशीच्या, जरा तुटक बोलणाऱ्या.

म्हणाल्या, "एक विचारते, राग मानू नका. तुम्ही नाही का म्हणालात?"

"माझे वडील आहेत," मी म्हटलं. "त्यांना सोडून मी दुसऱ्याची मुलगी कशी होणार?"

त्यांना कळेचना. मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "सोडायचं कुणी सांगितलं तुम्हाला? मोठ्या माणसाला दत्तक घेतलं तर त्याचे आईबाप आहेत तसेच राहतात. सगळी नाती राहतात. तुम्हाला दोन वडील झाले असते, एवढंच."

मी विचारलं, "हे त्यांना माहीत होतं?"

"त्यांना मीच सांगितलं होतं. तुम्हालाही माहीत असणार असं ते धरून चालले होते."

म्हणजे मी जे सांगायला गेले होते ते त्या माणसाला ऐकूच गेलं नव्हतं. त्याने ऐकलं ते एवढंच, की मला बाप आहे, तुमची गरज नाही. आणि त्यावर तो म्हणाला होता, अर्थात.

वकीलबाई हातमोजे चढवत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "नावाचा त्यांना फार सोस होता असं समजू नका. मला त्यांनी विचारलं होतं, की तिला नाव नको असेल तर नावाशिवाय करता येईल का? मी म्हटलं, नाही, कायद्याने नाव बरोबर येतंच. तेव्हा म्हणाले, मग नावापासूनच सुरुवात करतो. मुलगी हो असं एकदम कसं म्हणायचं माणसाने?"

त्या गेल्या. मी त्या थंडीत उभी राहिले. पेटी वाहणारे आता खड्डा बुजवायला परत आले होते, त्यांनी मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

मे महिन्यात रजा काढून गावी आले. भाऊ, भावजया, भाचरं, सगळं घर भरलेलं. चार दिवस मी गप्पच होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी अप्पा ओसरीवर बाजरी निवडत बसले होते, त्यांच्याशेजारी बसले आणि एकदाचं सगळं सांगितलं. नखांपासून ढालीपर्यंत. अप्पा निवडत राहिले. मध्येच त्यांनी विचारलं, आंघोळ कुणी घातली? मी म्हटलं, मी. दाढी? मी. शेवटी जवळ कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही.

मग त्यांचा हात थांबला.

"माझं नाव पुढं करून नाही म्हणालीस?"

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

अप्पांनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती, तेव्हाही चढवला नाही.

"मी हो म्हटलं असतं, बाई," ते म्हणाले. "मला तुम्ही पाच जण आहात. त्या माणसाला एक देता आली असती मला. आमच्या बापजाद्यांनी सगळ्यांना घेतानाच पाहिलं, गं. देण्यासारखं काही आमच्याकडे कुणी कधी मागितलंच नव्हतं."

आणि मग अप्पा रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यांनी तो हळूच काढून माझ्याच मांडीवर ठेवला. रागावले होते माझ्यावर. त्यांचं बरोबरच होतं.

आता मी नगरला सावेडीत राहते. अप्पांना जाऊन तीस वर्षं झाली. त्या वेळी मी जर्मनीहून निघून पोचेपर्यंत चार दिवस गेले. भावांनी माती दिली, मला फक्त वर ठेवलेले हार दिसले. लिंबाखाली उभ्या राहिलेल्या मल्हारीएवढंच माझ्या वाट्याला आलं, आणि तेही कुणाकडे दत्तक न जाता. पण मी हे सांगायला बसले नव्हते. त्या संध्याकाळचंच सांगायचं राहिलं.

ताटं वाढून झाली. जेवणाआधी अप्पा प्रार्थना करायचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन देवाचे उपकार मानायचे. येसूआजोबा, आजी, आमची आई. त्या दिवशी आईच्या नावानंतर ते थांबले. सगळे डोळे मिटून बसलेले. अप्पांनी डोळे न उघडताच मला विचारलं, "सगुणे, त्यांना घरात काय म्हणायचे?"

मी सहा वर्षं त्या माणसाच्या फाईलवर ओट्टो लिहीत होते. पण त्या नावाने त्याला हाक मारणारं सगळ्या जगात कुणी उरलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, अप्पा."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि देवाला सांगितलं, "आणि आमच्या सगुणाचे तिकडचे वडील."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. भाचरं जेवायला लागली. भावजय माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि मी तिला पुरे म्हणायचं विसरून बसले होते.